विंडोज १० वरून उबुंटूवर: मराठी काम नव्या लॅपटॉपवर नेताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात मराठी पुस्तकांचं संपादन आणि अक्षरजुळणी करते. दिवाळी अंकाची शेवटची फाईल छापखान्यात गेली आणि मी दहा वर्षांचा जुना लॅपटॉप मिटवून नव्यावर आले. विंडोज १० सोडून उबुंटू घेतलं, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी, लिनक्स घराण्यातली मोफत प्रणाली. तेव्हापासून अनुवादक मैत्रिणी, डीटीपीवाले आणि एक मामा तेच तेच प्रश्न फोनवर विचारतात. एकदाच लिहून ठेवलं म्हणजे माझाही घसा वाचेल. यात मराठी अक्षरांविषयीचे प्रश्न जास्त आहेत, कारण बाकीचं कुणीही सांगेल.

माझा विंडोज १० चा लॅपटॉप छान चालतोय. बदलायचाच कशाला?

चालतोय तोवर चालवा, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले, हे लक्षात ठेवून. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट घेता येतात. ती मुदतवाढ सामानसुमान बांधायला मिळालेला वेळ आहे. त्या लॅपटॉपवर तुम्ही बँकेचे व्यवहार करत असाल, तर तो वेळ झोपा काढण्यात घालवू नका.

आणि एक. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत दिवाळी अंकाचं काम करणाऱ्या कुणीही मशीन बदलू नये. मार्च अखेरीला हिशेबाचं काम करणाऱ्यांनीही.

मग सरळ विंडोज ११ का नाही घेतलं?

तुम्ही जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. जुन्या लॅपटॉपवर ते बसत नाही याचं मुख्य कारण म्हणजे त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. नव्या लॅपटॉपवर हा प्रश्नच नाही. तपकीर गल्लीत दुकानदार "डॉस मशीन देऊ का?" असं विचारतात, म्हणजे विंडोजच्या लायसन्सशिवायचा लॅपटॉप. मी तसा घेतला. विंडोजचे पैसे वाचले, ते रॅममध्ये घातले.

उबुंटूची मी घेतलेली आवृत्ती २४.०४ आहे. आकड्याचा अर्थ साधा आहे: २०२४ सालचा चौथा महिना. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. मधल्या सहामाही आवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका, त्यांचा आधार नऊ महिन्यांत संपतो. डोळ्यांना विंडोजसारखं काही हवं असेल तर लिनक्स मिंट बघा. आतून ते उबुंटूच आहे.

माझं काम उबुंटूवर होईल की नाही, हे पैसे घालवण्याआधी कसं कळेल?

जुन्याच लॅपटॉपवर करून बघा. १६ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यावर उबुंटूची आयएसओ फाईल (अख्खी प्रणाली एका फाईलमध्ये) रूफस किंवा व्हेंटॉय या प्रोग्रामने चढवा आणि लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून सुरू करा. "ट्राय उबुंटू" निवडलं तर हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, प्रिंटर आणि मुख्य म्हणजे तुमची पाच अवघड कागदपत्रं उघडून बघा. सोपी नकोत, सोपी सगळीकडेच उघडतात. पेन ड्राइव्हवरून सगळं जरा रखडत चालतं, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका.

तुमचं पोट पानं मांडायच्या इनडिझाइनवर, हिशेबाच्या टॅलीवर किंवा जुन्या मराठी फाँटच्या श्रीलिपीवर चालत असेल, तर मी स्पष्ट सांगते: विंडोजवरच राहा, किंवा एक विंडोज मशीन हाताशी ठेवा. "वाइनमध्ये चालतं सगळं" असं सांगणारा भाचा प्रत्येक घरात असतो. वाइन म्हणजे विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवायचा प्रोग्राम. काही गोष्टी चालतातही. पण डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली असलेली खुंटी, लावून चालणारं जुनं सॉफ्टवेअर तिथे बहुधा मान टाकतं, आणि नेमकं छपाईच्या आदल्या रात्री.

सुरुवात कुठून करू? फायली कॉपी करायला घेऊ?

थांबा. आधी ज्या गोष्टी फायली नाहीत त्यांची यादी करा, कारण कॉपी-पेस्टमध्ये त्याच मागे राहतात.

टॅलीचं लायसन्स जुन्या मशीनवरून सरेंडर करावं लागतं, मगच ते नव्यावर चालू होतं. जुनं मशीन फॉरमॅट केल्यावर हे आठवलं तर मनस्ताप. अडोबीचंही तिथून साइन आउट करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन, चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन अनेकदा आपल्याला न विचारताच चालू झालेलं असतं आणि की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जाऊन बसलेली असते. ज्या खात्याचा पासवर्ड तुम्ही विसरलात, त्याच खात्यात.

आणि वर्डमधला तुमचा स्वतःचा शब्दकोश. "ॲड टु डिक्शनरी" करून वर्षानुवर्षं साठवलेली गावांची, लेखकांची, पात्रांची नावं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असतात. त्या फाईलचं नाव कस्टम, आणि ती ॲपडेटा नावाच्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. मी ती विसरले होते. जुना लॅपटॉप अजून धडधडत होता म्हणून परत मिळाली. ऑटोकरेक्टच्या नोंदी, तयार केलेले टेम्प्लेट आणि बसवलेल्या फाँटची यादीही याच वेळी काढून ठेवा.

माझं सगळं डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्येच आहे. तेवढं उचललं की झालं ना?

तिथे दिसतं ते तिथे असेलच असं नाही. मायक्रोसॉफ्टचं ऑनलाइन कपाट वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डर त्याच्याकडे वळवलेली असू शकतात, आणि त्यातल्या ढगाची खूण असलेल्या फायली प्रत्यक्षात लॅपटॉपवर नसतात. नाव दिसतं, मजकूर सर्व्हरवर. इंटरनेट बंद असताना कॉपी करायला गेलात तर त्या येणारच नाहीत. फोल्डरवर उजवी क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा, सगळ्यांवर हिरवी खूण येईपर्यंत थांबा, मग कॉपी करा.

डाउनलोड्स फोल्डरही बघाच. व्हॉट्सॲप वेबवरून उतरवलेली लेखकाची "फायनल", "फायनल नवीन" आणि "हीच घ्या" अशी तिन्ही हस्तलिखितं तिथेच पडलेली असतात.

कॉपी करायला किती वेळ लागेल?

२०० जीबी माल यूएसबी २ च्या खाचेतून सेकंदाला ३० एमबी गतीने गेला तर पावणेदोन-दोन तास. हजारो बारीक फायली असतील तर त्याहून बराच जास्त, कारण प्रत्येक फाईलमागे थोडा थोडा वेळ जातो. निळ्या रंगाची खाच असेल तर बहुधा ती यूएसबी ३ असते, ती वापरा. बाहेरची डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. जुन्या फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

कापून चिकटवू नका, नेहमी कॉपी करा. झाल्यावर दोन्हीकडच्या फोल्डरमधली फायलींची संख्या जुळवून बघा. आकारात थोडा फरक पडला तर चालतो, संख्येत चालत नाही.

"फाईल नेम टू लाँग" असं म्हणून काही फायली येतच नाहीत. नाव तर एका ओळीचंसुद्धा नाही!

तुमची फाईल मराठी नावाची असणार. हा प्रश्न इंग्रजी नावं देणाऱ्यांना सहसा पडत नाही, म्हणून नेटवरही चटकन उत्तर मिळत नाही.

विंडोजची एनटीएफएस पद्धत फाईलच्या नावात २५५ चिन्हं घेते. उबुंटूची ईएक्सटी४ पद्धत २५५ बाइट घेते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. म्हणजे आपल्याला मिळतात ८५ चिन्हं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. "महाराष्ट्र" हा शब्द दिसायला चार अक्षरी, पण मोजायला दहा चिन्हं: म, ह, काना, र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र. झाले ३० बाइट. "महाराष्ट्रातील ग्रामीण साहित्य चळवळ प्रकरण तिसरे दुसरे मुद्रितशोधन लेखकाने तपासलेली अंतिम प्रत" असं नाव ठेवलंत की अडकलात.

उपाय एकच: जुन्या मशीनवरच नावं छोटी करा. उबुंटू नावातल्या लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांत फरक करतं हेही जाता जाता ध्यानात ठेवा. शिवाय तिथे नावात विसर्गासारखं दिसणारं कोलन, प्रश्नचिन्ह वगैरे चालतं, विंडोजला ते चालत नाही. उबुंटूवर दिलेलं नाव पुढे विंडोजवाल्या प्रकाशकाकडे जाणार असेल तर ही चिन्हं टाळा.

जुनी डिस्क उबुंटूला लावली. फायली दिसतात, पण बदलता येत नाहीत.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप. शटडाउन केलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि उबुंटू अशा डिस्कवर लिहायला तयार होत नाही. बरोबरच आहे त्याचं. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून शटडाउन करा, किंवा पॉवरच्या सेटिंगमध्ये फास्ट स्टार्टअप बंदच करून टाका.

मराठी टायपिंग कसं करायचं? मला नव्याने शिकावं लागेल का?

ते तुम्ही आधी काय शिकलात त्यावर आहे.

इनस्क्रिप्ट येत असेल तर काहीही शिकायचं नाही. ती सरकारमान्य मांडणी आहे, विंडोज असो, उबुंटू असो की मॅक, कळा त्याच. उबुंटूच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी एनहान्स्ड इनस्क्रिप्ट निवडा, विंडोजच्या खुणेची कळ आणि स्पेसबार दाबून मराठी-इंग्रजी बदला. हीच जोडी विंडोजमध्येही होती, म्हणजे बोटांना तेवढंही वेगळं वाटत नाही. माझी पहिली ओळ उबुंटूवर दहाव्या मिनिटाला टाइप झाली, आणि इनस्क्रिप्ट शिकताना घालवलेल्या त्या कंटाळवाण्या महिन्याबद्दल पहिल्यांदाच स्वतःचं कौतुक वाटलं.

फोनेटिक वापरणाऱ्यांना, म्हणजे रोमन अक्षरं दाबून मराठी उमटवणाऱ्यांना, थोडी खटपट आहे. विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड २०१९ च्या मे अपडेटपासून आत आला होता; तो शब्द सुचवतो, तसाच्या तसा इथे नाही. आयबस ही टायपिंगची व्यवस्था आणि तिचं एम१७एन पॅकेज बसवलं की मराठीसाठी फोनेटिक आणि आयट्रान्स अशा मांडण्या मिळतात. त्या सुचवत नाहीत, जे दाबाल तेच उमटतं. मला तर हे बरंच वाटतं. सुचवणाऱ्या कीबोर्डने "पाणी" चं "पानी" केलेलं मुद्रितशोधनात निस्तरायला मीच असते. पण हाताला वळण पडायला आठवडा जातो.

टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवर, तयार झालेल्यांसाठीही मांडणी मिळते. सगळी चिन्हं तुमच्या सवयीच्या जागी असतीलच असं नाही, म्हणून आधी पेन ड्राइव्हवरून बघा म्हटलं.

रुपयाचं चिन्ह हवं असेल तर "इंग्लिश, इंडिया, विथ रुपी" ही मांडणी घ्या. उजवीकडचं ऑल्ट दाबून ४ दाबलं की ₹ येतं.

जुन्या फायली उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. फाईल खराब झाली का?

फाईल धडधाकट आहे, फक्त तिच्यात मराठी कधी नव्हतंच. हे ऐकून लोक नाराज होतात, पण तसंच आहे.

विंडोज २००० च्या आधी विंडोजला देवनागरी नीट कळत नव्हती. त्या काळी आणि नंतरही बरीच वर्षं आपण श्रीलिपी, आयएसएम, आकृती यांच्या फाँटमध्ये काम केलं. त्या फाँटची युक्ती अशी की इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे काढून ठेवायचे: अर्धा क, काना, रफार, वेलांटी. पडद्यावर "कमळ" दिसायचं, फाईलमध्ये मात्र रोमन चिन्हंच साठायची. फाँट गेला की मुखवटा गळतो. बरं, प्रत्येक कंपनीचा नकाशा वेगळा. डीव्हीबी-टीटी सुरेखची फाईल श्री-देव-०७०८ मध्ये लावली तर भलताच मजकूर दिसतो.

यावर दोन मार्ग. फाँटची ट्रूटाइप फाईल आणि तिचा परवाना तुमच्याकडे असेल तर उबुंटूवर ती बसवून निदान वाचता येतं. पण खरा मार्ग म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, आणणे, आणि ते काम जुनं मशीन जिवंत आहे तोवरच करणे. माझा क्रम असा:

जुन्या मशीनवर, जुन्या फाँटसकट, आधी प्रत्येक फाईलची पीडीएफ काढायची. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाईलच्या आतच बसलेले असतात, त्यामुळे मूळ मजकूर कसा दिसत होता याचा तो कायमचा साक्षीदार. ही पायरी गाळू नका. मग फाईलच्या प्रतीवर, मूळ फाईलवर कधीच नाही, परिवर्तक, म्हणजे जुन्या फाँटचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम, चालवायचा. मजकुरात मध्ये मध्ये इंग्रजी शब्द असतील तर ते वगळून फक्त मराठी फाँटचा भाग द्यायचा, नाहीतर इंग्रजी शब्दांचीही मराठी भेळ होते. शेवटी पीडीएफ शेजारी ठेवून वाचायचं. होय, वाचायचं. शंभर टक्के अचूक परिवर्तक मी तरी पाहिलेला नाही.

कुठे फसतं ते सांगते. जुन्या फाँटमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप व्हायचा, युनिकोडमध्ये र् आधी येतो; "सूर्य" सारखे शब्द म्हणून तपासायचे. पहिली वेलांटी उलट: तिथे अक्षराच्या आधी, इथे नंतर. "स्थिती", "क्लिष्ट" असे जोडाक्षरी शब्द बघा. अवतरणचिन्हं आणि अंकांवरही नजर हवी.

सगळ्यात घातक ठिकाण मला एका संस्थेच्या स्मरणिकेत भेटलं. जुन्या फाँटमध्ये रफार आणि अनुस्वार मिळून एकच तुकडा असतो. परिवर्तकाने त्यातला रफार घेतला आणि अनुस्वार टाकला. "शंभर वर्षांची परंपरा" झाली "शंभर वर्षाची परंपरा". दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे शुद्धलेखन तपासनीस गप्प. पहिल्या फॉर्मात, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या पहिल्या संचात, तसंच छापलं गेलं. तेव्हापासून मी परिवर्तनानंतर "र्षा", "र्या", "र्मा" असे तुकडे एकेक करून शोधते.

सगळं युनिकोडमध्ये केलं. तरी काही शब्द शोधले की सापडत नाहीत. समोर दिसतात!

एकच अक्षर दोन तऱ्हांनी लिहिलेलं असणार. मराठीत याची दोन ठळक ठिकाणं आहेत.

पहिलं, "ॲ". जुने कीबोर्ड अ वर चंद्र ठेवून ते बनवायचे, म्हणजे दोन चिन्हं. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत "ॲ" ला स्वतःचं एक चिन्ह मिळालं. दिसायला जुळी भावंडं, संगणकाच्या लेखी परकी. "ॲड" एका प्रकरणात एका तऱ्हेने आणि दुसऱ्यात दुसऱ्या तऱ्हेने असेल तर सूचीत दोन नोंदी होतात.

दुसरं, "सुऱ्या", "कुऱ्हाड" मधला तो आडवा र. तो "ऱ" ला हलन्त जोडून लिहिता येतो, किंवा साध्या "र" ला हलन्त आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. पहिली पद्धत घ्या. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग पुढचं अक्षर, म्हणजे य किंवा ह. पुस्तक हाती घेतलं की मी सगळ्यात आधी शोधा-बदला करून ही दोन्ही चिन्हं एका वळणावर आणते. पाच मिनिटांचं काम आहे आणि सूची करताना दोन दिवस वाचवतं.

ल आणि श हिंदी वळणाचे का दिसतात?

कारण मजकूर मराठी आहे हे संगणकाला कुणी सांगितलेलं नाही. चांगल्या देवनागरी फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श आत असतात, पण मजकुराची भाषा मराठी लावली तरच ते पुढे येतात. उबुंटूवर वर्डच्या जागी वापरायच्या लिब्रेऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. बहुतेक वेळा आपोआप हिंदी बसलेलं असतं.

फाँटही तसा हवा. मंगल आणि निर्मला हे विंडोजबरोबर येणारे फाँट उबुंटूवर उचलून नेण्याची परवानगी नाही, आणि गरजही नाही. मंगल ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी आपल्या मुंबईचे, तेवढा जिव्हाळा ठेवून निरोप द्या. राज्य मराठी विकास संस्थेचे यशोमुद्रा आणि यशोवेणू, आयआयटी मुंबईचा शोभिका, 'एक टाइप' या संस्थेचा मुक्त आणि गूगलचा नोटो हे सगळे फुकट मिळतात. पुस्तकाच्या मजकुराला मी यशोमुद्रा किंवा शोभिका लावते. पडद्यावर वाचायला मुक्त.

वर्डच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये विस्कटतात का?

साधं पत्र, लेख, हस्तलिखित: नाही. तक्ते, चौकटी आणि तळटीपा खच्चून भरलेला अहवाल: थोडा हलतो. अर्ध्या तक्रारींचं मूळ फाँटमध्ये असतं. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाच्या जागी कॅलेडिया बसवा; रुंदीला ते तंतोतंत जुळतात, त्यामुळे पानं सरकत नाहीत. वर्डमधले मॅक्रो (कामं आपोआप करणाऱ्या साठवलेल्या सूचना) मात्र येतील असं धरू नका.

प्रकाशकाबरोबर ट्रॅक चेंजेसची देवाणघेवाण मी सहा-सात महिने करते आहे. त्यांना अजून कळलेलं नाही की माझ्याकडे वर्ड नाही.

इनडिझाइन आणि पेजमेकरच्या फायलींचं काय?

इनडिझाइन लिनक्सवर नाही. त्याच जातीचं मोफत स्क्रायबस आहे, २०२४ च्या १.६ आवृत्तीपासून त्याच्या स्थिर आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. कवितासंग्रह, पत्रिका, छोटी पुस्तकं मी त्यात करते. चारशे पानी टीपा-सूचीवालं पुस्तक अजून करत नाही.

इनडिझाइनच्या आधीच्या पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. आजच्या इनडिझाइनलाही त्याच्या फायली उघडता येत नाहीत, पण लिब्रेऑफिस ड्रॉला येतात, ही गंमत अप्पा बळवंत चौकातल्या कित्येक डीटीपीवाल्यांना सांगावी लागते. मांडणी ढोबळ येते आणि मजकूर जुन्या फाँटमध्येच असतो, म्हणजे वरचं परिवर्तन आहेच.

जीएसटी, आयकर, डिजिटल सही?

पोर्टलवर ब्राउझरमधून होणारं काम कुठूनही होतं. आयकराची एक्सेल युटिलिटी मात्र मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलमधल्या मॅक्रोंवर चालते, लिब्रेऑफिसवर तिचा भरवसा धरू नका. डिजिटल सहीची गुप्त किल्ली यूएसबी टोकनमध्येच राहते, ती कॉपी होत नाही. टोकन नव्या लॅपटॉपला लावायचं, बस. पण टोकनचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर आणि पोर्टलचं सही करणारं सॉफ्टवेअर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हींची उत्तरं "हो" असतील तरच पुढे जा. आणि टोकनचा पासवर्ड अंदाजाने मारत बसू नका, काही चुकांनंतर ते कुलूपबंद होतं. माझ्या सीएंनी स्वतःकडे विंडोजच ठेवलं आहे. शहाणे आहेत.

प्रिंटर चालेल?

नवे वायफायवाले बहुतेक आपोआप ओळखले जातात. एचपी लेझरजेट १०२० सारख्या जुन्यांना एचपीलिप हा ड्रायव्हर आणि त्याचं प्लगइन बसवावं लागतं. घरोघरी दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा खरा हट्टी: त्याची स्वतःची भाषा आहे, लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुना आहे आणि तो बसवणं हे चहाच्या तीन कपांचं काम आहे. लॅपटॉप घेण्याआधी प्रिंटर तपासा.

ईमेल आणि पासवर्ड?

जीमेल ब्राउझरमध्ये बघत असाल तर काहीच करायचं नाही. थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम असेल तर त्याचं प्रोफाइल फोल्डर अख्खं उचलून नव्या जागी ठेवा, पत्रं, पत्ते, फिल्टर सगळं येतं. आउटलुकच्या पीएसटी फाईलमध्ये पत्रं असतील तर जुन्या मशीनवरच ती आयमॅप (पत्रं सर्व्हरवर ठेवणाऱ्या) खात्यात ओढून टाका.

ब्राउझरमधले पासवर्ड सिंकने आणा. सीएसव्ही फाईल काढून आणलेत तर ती फाईल उघड्या मजकुराची असते. काम झाल्याक्षणी पुसा आणि कचरापेटीही रिकामी करा.

एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही ठेवू का?

ठेवता येतात. आधी बिटलॉकर बंद करा, बॅकअप घ्या, मगच डिस्कचे भाग पाडा. नंतर एक दिवस विंडोज उघडाल आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. घाबरू नका. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात उबुंटू ग्रिनिचची वेळ लिहितं आणि विंडोज तिला भारतातली समजतं. उबुंटूला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं.

माझं मत विचाराल तर दोन्ही ठेवू नयेत. दोन्ही असले की अडलं की माणूस विंडोजकडे पळतो आणि सहा महिन्यांनी तिथेच सापडतो.

घडी बसायला किती दिवस?

माझ्या डायरीनुसार: पहिले तीन दिवस चिडचिड, दुसऱ्या आठवड्यात प्रिंटर, तिसऱ्यात हात सरावला. जुन्या फाँटच्या फायलींचं काम अजून चालू आहे. रोज रात्री एक फाईल, जेवण झाल्यावर.

जुन्या लॅपटॉपचं काय करू?

निदान तीन महिने जसाच्या तसा ठेवा, चार्जरसकट. काय राहिलं हे राहिलेलं हवं असतं तेव्हाच कळतं.

मग द्यायचा झाला तर नुसत्या फायली डिलीट करून देऊ नका, पुसलेलं परत काढता येतं. विंडोजच्या रिसेटमध्ये "रिमूव्ह एव्हरीथिंग" आणि त्यातलं ड्राइव्ह साफ करण्याचं कलम निवडा. साध्या हार्ड डिस्कला ते पुरतं. एसएसडीला कंपनीचं किंवा बायोसमधलं सिक्युअर इरेज वापरा, कारण तिच्यात वरून लिहिलेलं जुन्याच जागी पडेल याची खात्री नसते. मोडीत काढायचा असेल तर रद्दीवाल्याकडे नको. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे द्या.

माझा अजून कपाटात आहे. त्यात श्रीलिपी आहे, तिचं डोंगल पाठीमागच्या खाचेत आहे, आणि १९९९ सालच्या एका कवितासंग्रहाची पीडीएफ काढायची राहिली आहे.